बारापैकी बारा : मेलबर्न सिटीच्या महिला संघाचा २०१५-१६ चा हंगाम

(आपल्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघात मागेपुढे झालेली काही वाक्यं वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी सरळ केली आहेत, बाकी सगळं बोललो तसंच आहे.)

आजची गोष्ट एका तक्त्यातल्या एका ओळीपासून सुरू करतो.

खेळले १२. जिंकले १२. बरोबरी ०. हरले ०. केलेले गोल ३८, खाल्लेले गोल ४. गुण ३६.

ही ओळ आहे ऑस्ट्रेलियातल्या महिला फुटबॉल लीगच्या २०१५-१६ च्या हंगामातली. संघाचं नाव मेलबर्न सिटी. आणि या ओळीतली खरी गंमत तक्त्यात कुठेच दिसत नाही. या संघाचा हा पहिलाच हंगाम होता! म्हणजे मे २०१५ मध्ये क्लबनं जाहीर केलं की आम्ही महिला संघ काढतोय, ऑक्टोबरमध्ये संघ मैदानात उतरला आणि जानेवारीत साखळी संपली तेव्हा ३६ पैकी ३६ गुण खात्यात होते.

आता यावर दोन प्रकारची माणसं दोन प्रकारे बोलतात. एक म्हणतात, काय संघ होता, असा पुन्हा होणे नाही. दुसरे म्हणतात, अहो, त्यात काय एवढं, पैसा ओतला की कोणीही जिंकेल. ही दोन्ही वाक्यं अर्धी खरी आहेत. पण उरलेलं अर्धं शोधायचं तर आपल्याला जरा मागे जावं लागेल. थोडं नाही, चांगलं ९४ वर्षं मागे.

२४ सप्टेंबर १९२१. ब्रिस्बेन शहरातलं गॅबा मैदान. हो, तेच गॅबा, जिथे जानेवारी २०२१ मध्ये ऋषभ पंतनं आपल्याला कसोटी जिंकून दिली. त्या गॅबावर १९२१ साली नॉर्थ ब्रिस्बेन आणि साउथ ब्रिस्बेन अशा बायकांच्या दोन संघांत फुटबॉलचा सामना झाला. नॉर्थनं तो २-० असा जिंकला. आणि बघायला माणसं किती? सुमारे १०,०००. त्या काळात.

म्हणजे ‘बायकांचं फुटबॉल बघायला येतंय कोण’ हा जो प्रश्न आपण आजही ऐकतो, त्याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळून गेलेलं होतं. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं आपल्या क्लबांना सांगितलं, तुमच्या मैदानांवर बायकांना खेळू देऊ नका. ती बंदी तिथे जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. ऑस्ट्रेलियातही त्या काळात खेळाच्या बाबतीत इंग्लंडकडे बघून चालायची सवय होती. झालं! मैदान गेलं, की सराव जातो. सराव गेला, की सामने जातात. सामने गेले, की प्रेक्षक जातात. आणि मग पन्नास वर्षांनी कोणीतरी म्हणतं, बघा, प्रेक्षकच येत नाहीत.

ऑस्ट्रेलियाच्या महिला राष्ट्रीय संघाचा पहिला अधिकृत सामना व्हायला १९७९ साल उजाडलं. न्यूझीलंडविरुद्ध, सिडनीत, २-२ अशी बरोबरी. कर्णधार ज्युली डोलन तेव्हा फक्त १८ वर्षांची होती. पुढे १९९६ मध्ये महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली. ती २००४ मध्ये बंद पडली. म्हणजे २००४ ते २००८ या काळात ऑस्ट्रेलियात पुरुषांची व्यावसायिक ए-लीग उभी राहिली, तिची जाहिरात झाली, तिला वाहिनी मिळाली आणि महिलांना मात्र राष्ट्रीय लीगच नव्हती. चार वर्षं. खेळाडूच्या आयुष्यात चार वर्षं म्हणजे किती, हे जो खेळलाय त्याला विचारा.

ऑक्टोबर २००८ मध्ये डब्ल्यू-लीग आली. आठ संघ. त्यातले सात पुरुषांच्या क्लबांचे महिला संघ आणि एक वेगळा, कॅनबेरा युनायटेड. राजधानी कॅनबेरात पुरुषांचा ए-लीग क्लब नव्हता, त्यामुळे हा क्लब फक्त बायकांचा. त्याच्या मागे मोठा भाऊ नाही. हे नाव लक्षात ठेवा, आपल्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

लीग आली खरी, पण ती कशी होती? हंगाम तीन-चार महिन्यांचा. सामने बरेचदा उपनगरातल्या छोट्या मैदानांवर. सरकारी एबीसी वाहिनी आठवड्याला एक सामना दाखवायची, तेवढाच. अंतरं मात्र खंडाएवढी. मेलबर्नहून पर्थला विमानानं सुमारे चार तास. आणि पगार? लीगमधल्या खेळाडूंना किमान किती मानधन मिळालं पाहिजे, याचा करारच नव्हता. तो पहिल्यांदा २०१७ मध्ये झाला आणि त्यात ठरलेली रक्कम होती हंगामाला १०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर. त्याआधी कोणाला थोडं मिळायचं, कोणाला फक्त प्रवासखर्च, कोणाला तेही नाही. दिवसा शिक्षण किंवा नोकरी, संध्याकाळी सराव. ‘व्यावसायिक’ हा शब्द लीगच्या पाटीवर होता, खेळाडूंच्या बँकेच्या पासबुकात नव्हता.

आता येऊ या २०१५ सालाकडे. हे वर्ष ऑस्ट्रेलियाच्या महिला फुटबॉलमध्ये फार विचित्र आहे. एकाच वर्षात तीन गोष्टी घडल्या.

पहिली गोष्ट जूनमधली. कॅनडात विश्वचषक चालू होता. बाद फेरीत ऑस्ट्रेलियाच्या समोर ब्राझील. ८० व्या मिनिटाला कायाह सायमननं गोल केला आणि ऑस्ट्रेलिया १-० जिंकली. विश्वचषकाच्या बाद फेरीतला सामना जिंकणारा हा ऑस्ट्रेलियाचा पहिला वरिष्ठ संघ. पुरुषांच्या संघाला तोवर हे जमलेलं नव्हतं. पुढच्या फेरीत जपाननं शेवटच्या काही मिनिटांत गोल करून त्यांना घरी पाठवलं, पण देशात कौतुक झालं.

दुसरी गोष्ट सप्टेंबरमधली. म्हणजे जेमतेम अडीच महिन्यांनंतरची. त्याच संघानं संप केला. अमेरिकेचा दौरा ठरलेला होता. नुकताच विश्वचषक जिंकलेल्या अमेरिकेविरुद्ध दोन सामने, मोठी मैदानं, मोठी गर्दी. खेळाडूंनी सराव शिबिर सोडलं आणि दौऱ्याला जायला नकार दिला. दौरा रद्द झाला. कारण काय? जुना करार संपला होता, नवा होत नव्हता आणि दोन महिने पैसेच मिळाले नव्हते. आणि तो जुना करार तरी काय होता? राष्ट्रीय संघातल्या खेळाडूला वर्षाला २१,००० ऑस्ट्रेलियन डॉलर. पूर्ण वेळ काम करणाऱ्या माणसाचं त्या देशातलं जे किमान वेतन, त्याच्याही खाली. देशाची जर्सी घालून ब्राझीलला हरवणाऱ्या बायका किमान वेतनाखाली होत्या. नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली आणि वरच्या श्रेणीतल्या खेळाडूंची रक्कम ४१,००० डॉलरवर गेली.

आणि या दोन्हींच्या मध्ये, ऑक्टोबरमध्ये, घडली ती तिसरी गोष्ट. मेलबर्न सिटीचा पहिला सामना.

हा क्लब कोणाचा? जानेवारी २०१४ मध्ये मेलबर्न हार्ट नावाचा पुरुषांचा क्लब विकला गेला. तो सुमारे १.२ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरला घेतला सिटी फुटबॉल ग्रुपच्या पुढाकारातल्या गटानं. म्हणजे इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीचे मालक, अबू धाबीचा पैसा. हार्टचं नाव बदलून मेलबर्न सिटी झालं. क्लबनं शहराच्या उत्तरेला बंडूरा भागात, ला ट्रोब विद्यापीठाच्या आवारात, नवं सराव केंद्र उभारलं. चांगली मैदानं, व्यायामशाळा, उपचाराची सोय, सामन्यांच्या चित्रफिती बघायच्या खोल्या.

आणि मग महिला संघ काढला तेव्हा त्या संघाला हेच केंद्र वापरायला दिलं. ऐकायला साधं वाटतं ना? पण ज्या खेळाडू वर्षानुवर्षं महापालिकेच्या मैदानावर, रात्री, अर्ध्या दिव्यांत सराव करत आल्या होत्या, त्यांच्यासाठी हा बदल पगाराइतकाच मोठा होता. स्नायू दुखावला तर त्याच दिवशी बघणारा माणूस तिथे आहे, हे सुख ज्याला मिळालेलं नाही त्यालाच त्याची किंमत कळते.

कोच होते जो मॉन्टेमुरो. मेलबर्नमध्येच वाढलेले, इटालियन कुटुंबातले. चेंडू पायाशी ठेवून, छोट्या पासांनी खेळ उभा करायचा, ही त्यांची आवड. खेळाडूंची नावं ऐका. राष्ट्रीय संघाची आघाडीची खेळाडू लिसा डी व्हॅना. डावी बचावपटू स्टेफ कॅटली, जी शहरातल्याच मेलबर्न व्हिक्टरीकडून इकडे आली. गोलरक्षक ब्रायना डेव्ही, तीही व्हिक्टरीचीच. हंगाम सुरू झाला तेव्हा १९ वर्षांची असलेली लॅरिसा क्रमर. आणि परदेशातून आलेल्यांमध्ये वेल्सची जेस फिशलॉक आणि स्कॉटलंडची किम लिटल.

आता प्रश्न पडेल, युरोपातल्या इतक्या मोठ्या खेळाडू ऑस्ट्रेलियाच्या छोट्या लीगमध्ये कशा आल्या? याचं उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. अमेरिकेची लीग एप्रिलपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालायची. ऑस्ट्रेलियाची ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत. दोन्ही हंगाम एकमेकांत असे बसायचे, जसं खरीप संपलं की रब्बी. एकाच हंगामावर खेळाडूचं पोट भरत नव्हतं, म्हणून दोन पिकं घ्यायची. फिशलॉक आणि लिटल अमेरिकेत सिअ‍ॅटल रेनकडून खेळायच्या आणि तिथून त्या मेलबर्नला आल्या. वर्षाचे बारा महिने खेळायचं, विश्रांती जवळपास नाही. बाहेरून बघणाऱ्याला ‘वा, दोन देशांत खेळते’ असं वाटतं. आतून ती ओढाताण असते.

आणि या दोघींच्या मनात काय असेल बघा. सिअ‍ॅटल रेन संघ २०१४ मध्ये अमेरिकेच्या तक्त्यात पहिला आला आणि फायनल हरला. २०१५ मध्ये पुन्हा तक्त्यात पहिला आला आणि पुन्हा फायनल हरला. ती दुसरी फायनल १ ऑक्टोबर २०१५ ला झाली, १-० अशी गेली. म्हणजे मेलबर्नचा हंगाम सुरू व्हायला तीन आठवडेसुद्धा राहिले नव्हते. शिवाय त्या उन्हाळ्यातल्या विश्वचषकात ना वेल्स होतं, ना स्कॉटलंड. जगातल्या उत्तम मधल्या फळीतल्या खेळाडूंमध्ये ज्यांचं नाव घेतलं जायचं त्या दोघींनी विश्वचषक टीव्हीवर बघितला. अशा भुकेल्या खेळाडू संघात आल्या होत्या. पैशाच्या हिशोबात ही भूक धरली जात नाही.

पहिला सामना सिडनीत, सिडनी एफसीविरुद्ध. सिडनी म्हणजे लीगमधला मातब्बर क्लब, आधी विजेतेपदं मिळवलेला. निकाल ६-०. सिटीच्या बाजूनं.

त्यानंतर आठवड्यामागून आठवडे तेच. जिंकले, जिंकले, पुन्हा जिंकले. बारा सामन्यांत चार गोल खाल्ले, म्हणजे सरासरीनं तीन सामन्यांत एक. क्रमरनं ११ गोल करून हंगामात सगळ्यांत जास्त गोलांचा मान मिळवला, आणि याच जानेवारीत ती २० वर्षांची झाली.

इथे थोडं थांबू या. कारण इथेच तो दुसरा आवाज येतो, पैसा ओतला की कोणीही जिंकेल. या आवाजाला मी हसण्यावारी नेणार नाही. लीगमध्ये नऊ संघ होते. एकीकडे जगभर क्लब असलेला मालक, दुसरीकडे असे संघ की ज्यांच्या खेळाडू सामन्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायच्या. जो संघ आठवडाभर नीट सराव करतो आणि जो संघ संध्याकाळी दोन तास सराव करतो, त्यांच्यातला फरक मैदानावर दिसणारच. शिवाय सिटीनं अनेक खेळाडू इतर क्लबांमधूनच घेतल्या होत्या. म्हणजे इकडे भर पडली तेवढीच तिकडे घट. मेलबर्न व्हिक्टरीच्या चाहत्यांना त्या वर्षी काय वाटलं असेल, याची कल्पना करा. आपल्याच शहरातला नवा क्लब आपलीच डावी बाजू आणि आपलीच गोलरक्षक घेऊन गेला!

तेव्हा ‘बारापैकी बारा’ ही ओळ जितकी या संघाच्या गुणांची आहे, तितकीच ती त्या लीगमधल्या विषमतेचीही आहे. एखाद्या स्पर्धेत एक संघ सगळं जिंकतो, तेव्हा त्या संघाबद्दल विचारावं तसंच बाकीच्या आठ संघांना काय मिळत होतं, तेही विचारावं.

पण पैशाचा हिशोब इतका सरळ असता, तर पुढचा प्रसंग घडला नसता.

ऑस्ट्रेलियात दोन विजेतेपदं असतात. साखळीत पहिला येणारा संघ ‘प्रीमियर’. आणि मग त्या काळात पहिले चार संघ सेमीफायनल खेळायचे, फायनल जिंकणारा ‘चॅम्पियन’. लोकांच्या लक्षात राहतो तो चॅम्पियन. म्हणजे तुम्ही बारापैकी बारा जिंका, पण जानेवारीच्या शेवटी एका संध्याकाळी पाय घसरला, तर इतिहास तुम्हाला ‘ते नाही का, सगळं जिंकले आणि शेवटी हरले’ असं म्हणून लक्षात ठेवतो. फिशलॉक आणि लिटलला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. अमेरिकेत दोन वर्षं त्या नेमक्या याच अनुभवातून गेल्या होत्या.

सेमीफायनलमध्ये समोर आला चौथ्या क्रमांकाचा ब्रिस्बेन रोअर. ९० मिनिटं झाली, ०-०. एक्स्ट्रा टाइम झाला, १२० मिनिटं, तरी ०-०. ज्या संघानं सरासरी सामन्याला तीनपेक्षा जास्त गोल केले होते, त्याला दोन तासांत एकही गोल करता आला नाही. ब्रिस्बेनच्या मुलींनी गोल होऊच दिला नाही. मग पेनल्टी शूटआउट.

आता बघा, पेनल्टीच्या ठिपक्यापासून गोल १२ यार्डांवर असतो. ते अंतर अबू धाबीच्या पैशानं कमी होत नाही. त्या क्षणी सराव केंद्र नाही, मालक नाही, तक्ता नाही. एक खेळाडू, एक गोलरक्षक. संपूर्ण हंगामाचं काय होणार हे त्या काही लाथांवर आलं होतं. सिटीनं शूटआउट जिंकलं. नियमाप्रमाणे असा सामना नोंदीत बरोबरीच धरतात, म्हणून या संघाला ‘सगळे सामने जिंकलेला’ म्हणता येत नाही, ‘एकही न हरलेला’ म्हणावं लागतं. मला स्वतःला ही नोंद फार आवडते. ब्रिस्बेनच्या त्या संघाची सही तिथे कायमची राहिली आहे.

फायनल ३१ जानेवारी २०१६ ला, मेलबर्नच्या एएएमआय पार्कवर. समोर पुन्हा सिडनी एफसी, ज्यांच्यापासून सगळं सुरू झालं होतं. ऑक्टोबरमध्ये ६-० असा मार खाल्लेल्या सिडनीनं फायनलपर्यंत मजल मारली, हेही कमी नाही. निकाल ४-१, सिटी चॅम्पियन. आणि आणखी एक गोष्ट. मेलबर्न सिटी या क्लबच्या वरिष्ठ संघांनी जिंकलेले पहिले मानकरी चषक म्हणजे बायकांनी जिंकलेले हेच. पुरुषांच्या संघाला पहिला चषक मिळायला त्या वर्षीचा नोव्हेंबर उजाडला आणि ए-लीगच्या तक्त्यात पहिलं यायला २०२१.

गोष्ट इथे संपवली असती तर ती परीकथा झाली असती. पण आपण इतिहास सांगतोय, तेव्हा पुढची वर्षंही बघू या.

पुढच्या हंगामात, २०१६-१७ मध्ये, सिटी साखळीत चौथ्या क्रमांकावर घसरली. मालक तोच, केंद्र तेच. आणि तक्त्यात पहिलं कोण आलं? कॅनबेरा युनायटेड! तोच, मोठा भाऊ नसलेला क्लब. या क्लबचा पूर्वेतिहासही सांगतो. २०११-१२ मध्ये कॅनबेरा युनायटेडनं साखळीतले दहा सामने खेळले, सात जिंकले, तीन बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही आणि मग फायनलही जिंकली. कोच होत्या चेक देशाच्या यित्का क्लिमकोव्हा, ज्या पुढे २०२३ च्या विश्वचषकात न्यूझीलंडच्या कोच होत्या. त्या कॅनबेरा संघात एलिस पेरीसुद्धा होती. हो, तीच, क्रिकेटची. जिला आपण पुढे बंगळुरूच्या संघात सांगलीच्या स्मृती मानधनाच्या कप्तानीखाली खेळताना बघितलं. पेरी तेव्हा क्रिकेट आणि फुटबॉल दोन्हीत ऑस्ट्रेलियासाठी खेळायची. २०११ च्या विश्वचषकात स्वीडनविरुद्ध तिनं गोलही केला होता.

म्हणजे सिटीच्या चार वर्षं आधी, कितीतरी कमी साधनांत, एक संघ अपराजित राहिलेला होता. २०१४ ची फायनलही कॅनबेरानंच जिंकली होती. सिटी आली तेव्हा गतविजेते तेच होते. हे आठवलं की ‘पैसा असला की झालं’ हे वाक्यही लंगडं पडतं आणि ‘पैशाची गरजच काय’ हे वाक्य तर त्याहून लंगडं. कारण आज काय स्थिती आहे? सिटीनं २०१६-१७ मध्ये चौथ्या क्रमांकावरून येऊनही पर्थला त्यांच्या घरी २-० हरवून फायनल जिंकली, २०१७-१८ मध्ये पुन्हा जिंकली, सलग तीन. मार्च २०२० मध्ये करोनामुळे रिकाम्या मैदानात झालेली फायनलही जिंकली, आणि तो गोल केला होता स्टेफ कॅटलीनं. आणि कॅनबेरा युनायटेड? अलीकडच्या वर्षांत हा क्लब पैशाअभावी बंद पडण्याच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. चाहत्यांना क्लब वाचवा म्हणून मोहीम काढावी लागली. जिद्दीवर एखादा हंगाम जिंकता येतो, दोन-तीनही जिंकता येतात. पण वीज बिल जिद्दीवर भरता येत नाही.

आता त्या संघातल्या माणसांचं पुढे काय झालं ते सांगतो.

गोलरक्षक ब्रायना डेव्हीनं फुटबॉल सोडलं. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियन रूल्स, ज्याला तिथे ‘फूटी’ म्हणतात, त्याची महिला लीग सुरू झाली आणि ती तिकडे गेली. तिथे कर्णधारही झाली. याचा अर्थ काय? एका खेळानं मुलींसाठी दार उघडलं, की दुसऱ्या खेळाला आपली दारं तपासावी लागतात.

जो मॉन्टेमुरो २०१७ मध्ये लंडनला आर्सेनलच्या महिला संघाचे कोच झाले आणि २०१८-१९ मध्ये त्यांनी इंग्लंडची लीग जिंकली. त्या संघात किम लिटल होती. मे २०२५ मध्ये आर्सेनलनं बार्सिलोनाला १-० हरवून युरोपचा चॅम्पियन्स लीग जिंकला, तेव्हा कर्णधार लिटल होती आणि स्टेफ कॅटलीही त्याच संघात. मॉन्टेमुरो तोवर आर्सेनलमधून गेले होते. जून २०२५ मध्ये ते ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघाचे कोच झाले. आणि जेस फिशलॉक? वेल्स पहिल्यांदा मोठ्या स्पर्धेत पोचला तो २०२५ च्या युरोमध्ये. तिथे वेल्सचा पहिला गोल फिशलॉकनं केला, वयाच्या ३८ व्या वर्षी.

पण या यादीत एक दुखरी गोष्ट लपली आहे, ती लक्षात आली का? सगळ्या बाहेर गेल्या. २०१५ मध्ये जगातल्या उत्तम खेळाडू हंगामापुरत्या ऑस्ट्रेलियात यायच्या. २०१८ मध्ये इंग्लंडची महिला लीग पूर्ण वेळ व्यावसायिक झाली. तिथे बारा महिने पगार मिळू लागला. मग दोन पिकं घ्यायची गरज कोणाला? उलट ऑस्ट्रेलियाच्याच मुली तिकडे जाऊ लागल्या. सॅम कर २०१९ मध्ये चेल्सीला गेली, कॅटली आर्सेनलला. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये विश्वचषक झाला, ऑस्ट्रेलिया चौथी आली, देश वेडा झाला. लीगचा हंगामही वाढून २२ फेऱ्यांचा झाला. पण आजही तिथल्या लीगमधल्या कितीतरी खेळाडू फुटबॉलशिवाय दुसरी नोकरी करतात.

आपल्याकडचा धागाही सांगून ठेवतो, कारण तो खरा आहे. याच सिटी फुटबॉल ग्रुपनं नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई सिटी एफसीतला ६५ टक्के हिस्सा घेतला होता. मेलबर्नमध्ये त्यांनी महिला संघ काढला तेव्हा तिथे सात वर्षं चाललेली लीग तयार होती, संघ सरळ तिच्यात उतरवता आला. आपली महिला लीग २०१७ मध्ये सुरू झाली आणि सुरुवातीची वर्षं ती काही आठवड्यांत, बरेचदा एकाच ठिकाणी उरकायची. मालक कितीही मोठा असो, खेळायला लीग लागते. आणि दुसरा धागा, जानेवारी २०२२ मध्ये आशिया चषक आपल्याकडेच झाला. अंधेरीच्या मैदानावर ऑस्ट्रेलियानं इंडोनेशियाला १८-० हरवलं, आणि मग पुण्यात बालेवाडीला दक्षिण कोरियाकडून १-० हरून त्या परत गेल्या. यजमान भारताला मात्र करोनामुळे एक सामना खेळून स्पर्धा सोडावी लागली. ते दुःख मागे टाकत जुलै २०२५ मध्ये आपल्या मुलींनी थायलंडला हरवून २०२६ च्या आशिया चषकाची पात्रता मिळवली, पहिल्यांदाच पात्रता फेरी जिंकून. स्पर्धा कुठे? ऑस्ट्रेलियात.

तर मंडळी, पुन्हा त्या ओळीकडे येऊ. खेळले १२, जिंकले १२. मी ही ओळ आधी एका संघाचा पराक्रम म्हणून वाचायचो. आता ती एका प्रयोगाची नोंद म्हणून वाचतो. खेळाडू त्याच होत्या, ज्यांना सप्टेंबरमध्ये पगारासाठी संप करावा लागला. डी व्हॅना तीच, कॅटली तीच. ऑक्टोबरमध्ये त्यांना नीट मैदान, नीट उपचार, नीट कोच आणि सोबतीला चांगल्या खेळाडू मिळाल्या. म्हणजे पुरुष खेळाडूंना रोज मिळतं तेवढंच. आणि त्या एकही सामना हरल्या नाहीत.

मग १९२१ ते २०१५ या ९४ वर्षांत असे किती संघ मैदानावर आलेच नाहीत, याचा तक्ता कोणाकडे आहे?

आज इथेच थांबतो. तुमच्या गावात, शाळेत, कॉलेजात मुलींचा फुटबॉल संघ असेल तर त्याबद्दल मला जरूर कळवा. सरावाला मैदान मिळतं का, कोणत्या वेळी मिळतं, तेही लिहा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.